स्वयंपाकघरातील बांधीव बैठक : एक ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : धावडा, ता. भोकरदन, जि. जालना)

प्रस्तावना :
मराठवाड्यातील घरांचा इतिहास बहुधा वाडे, गढ्या व किल्ले यांच्या अंगाने लिहिला गेला. स्वयंपाकघरात कोण कोठे बसत होते, हा प्रश्न त्यात उपेक्षित राहिला. भोकरदन तालुक्यातील धावडा व तत्सम गावांतील सामान्य घर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन आधार :
बांधीव बैठक या प्रदेशाला नवीन नाही. वेरूळच्या पाचव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात सुमारे ३५ मीटर लांबीच्या दालनात दोन बुटके, समांतर दगडी बाक मूळ खडकातूनच कोरलेले आहेत. कान्हेरीच्या अकराव्या लेण्यातही अशीच रचना आढळते. या दालनांचा उपयोग भिक्षूंच्या भोजनासाठी किंवा अध्ययनासाठी होत असावा, असे मत मांडले गेले आहे. जमिनीशी एकजीव असलेला बाक जागेवरून हलत नाही आणि एका रांगेतील सर्वांना समान उंचीवर ठेवतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

एक शब्द, दोन जागा :
मराठीत 'ओटा' हा शब्द दोन जागांसाठी योजला जातो. दारापुढचा ओटा ही बसण्याची जागा, तर स्वयंपाकघरातील ओटा ही कामाची जागा. पहिल्यावर प्रामुख्याने पुरुषमंडळी बसत. तेथे कोणी बसावे व कोणी खाली उभे राहावे, हे जात ठरवीत असे. घरातील स्त्री आत चुलीपुढे पाटावर किंवा भुईवर बसून भाकरी थापत असे आणि पुरुषांची व मुलांची पंगत उठल्यावर जेवत असे. तात्पर्य, बांधीव बैठक घराला होती. परंतु ती उंबरठ्याबाहेर होती.

बसलेली स्त्री उभी राहिली :
गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवावी लागते. त्यामुळे शेगडीबरोबर कडप्प्याचा वा शहाबादी फरशीचा उंच ओटाही आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे शेगडी ग्रामीण घरांत अधिक वेगाने पोहोचली. धुरापासून सुटका हा निःसंशय मोठा लाभ होय. मात्र बसून रांधणारी स्त्री आता तासन् तास उभी राहू लागली. जर्मनीत मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेल्या 'फ्रँकफुर्ट स्वयंपाकघरा'त बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल योजले होते. आपल्याकडे उंच ओटा आला, आसन मात्र आले नाही.

आजची निकड :
प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. एवढ्या जागेत मेज-खुर्च्या अडचण करतात. त्याऐवजी कोपऱ्यात दोन भिंतींना लागून काटकोनी बैठक विटांत बांधता येते. तिची उंची सुमारे ४५ सेंटीमीटर, खोली ४५ ते ५० सेंटीमीटर व मेजाची उंची सुमारे ७५ सेंटीमीटर असावी. मेजाची कड बैठकीवर किंचित आलेली असल्यास जेवताना पुढे वाकावे लागत नाही. तळाशी पाय मागे घेण्यापुरती खाच व पाठीला थोडा उतार ठेवल्यास उठणे-बसणे सुलभ होते. आतील पोकळीत धान्याचे डबे राहू शकतात. या बैठकीवर भाजी निवडता येते, मुलांना अभ्यास करता येतो आणि सर्वांना एकाच वेळी जेवता येते.

निष्कर्ष :
स्वयंपाकघरातील बांधीव बैठक ही पाश्चात्त्य घराची नक्कल मानण्याचे कारण नाही. दारापुढचा ओटा आत आणणे, असेच तिचे स्वरूप आहे. घराचा आराखडा ठरविताना जेवणाऱ्याइतकाच रांधणारीच्या आसनाचाही विचार झाला, तरच शतकानुशतके उंबरठ्याबाहेर राहिलेली ही सोय तिच्यापर्यंत पोहोचेल.