ब्राउझर नेमका कोणाचा वकील?

वेबचे नियम लिहिणारे ब्राउझरला ‘यूजर एजंट’ म्हणतात. मराठीत त्याला जवळचा शब्द शोधायचा तर वकील किंवा मुखत्यार. दोन्ही शब्द मूळचे अरबी, पण आपल्या कोर्टकचेरीत केव्हाच रुजलेले. मुखत्यार समोरच्या पक्षाशी बोलतो, पण काम करतो ते मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याचे. ब्राउझरचा मूळ करारही हाच होता. पान वेबसाइटचे, पण ते कसे वाचायचे हे ठरवणार वाचक. शॉर्टकट आणि सेटिंग म्हणजे निव्वळ हुशारीच्या युक्त्या, असा आपला समज असतो. पण त्यांचा इतिहास हा याच कराराचा इतिहास आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. त्यात पान वाचताही येत होते आणि लिहिताही. वाचणारा आणि लिहिणारा यांत भिंत नव्हती. पुढे १९९३ मध्ये मोझेक आला, वेब घराघरांत जायला लागली आणि लिहिण्याची सोय मागे पडली. पान बनवणारे वेगळे, बघणारे वेगळे, अशी विभागणी झाली.

मग प्रश्न आला तो पानाच्या रूपाचा. अक्षर किती मोठे, रंग कोणता, हे कोणी ठरवायचे? सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला. त्यात लेखक आणि वाचक दोघांच्याही पसंतीला जागा होती. कोणाचा शब्द किती टक्के चालावा, हे सांगण्याचीही सोय त्यांनी सुचवली होती. १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती मंजूर झाली तेव्हा मात्र पारडे लेखकाकडे झुकले. दोघांनीही एखादा नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून नोंदवला, तर लेखकाचा चालायचा. मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटे केले गेले आणि अखेरचा शब्द वाचकाला मिळाला. कारण साधे होते. ज्याची नजर कमजोर आहे, ज्याला ठरावीक रंगच दिसतात, त्याच्यासाठी अक्षराचा आकार म्हणजे हौस नव्हे. पान वाचता येते की नाही, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

कीबोर्डचेही तसेच. अंध माणसाला माऊसचा बाण दिसत नाही. हात थरथरणाऱ्याला छोट्या बटणावर नेम धरता येत नाही. आपला वेळ वाचवणारा शॉर्टकट त्यांच्यासाठी दरवाजा असतो.

२००४ साली फायरफॉक्स आला आणि एक्स्टेन्शनचा जमाना सुरू झाला. २००५ मध्ये आरन बूडमन यांच्या ग्रीझमंकीने तर दुसऱ्याच्या वेबसाइटचे वागणे आपल्या पडद्यापुरते बदलण्याची मुभा दिली. नॉर्वेच्या ऑपेराने शॉर्टकट मनाप्रमाणे बदलू दिले, माऊसच्या हालचालींनाही हुकूम जोडू दिले. पण २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियमचा आधार घेतला आणि यातल्या अनेक सोयी गेल्या. त्याच ऑपेराचे एक संस्थापक यॉन फॉन तेत्स्नर यांनी पुढे विवाल्डी काढला, तो या सोयी परत देण्यासाठीच. क्रोमने २०१४ मध्ये वाचकाची स्वतःची स्टाइल फाइल वाचणे बंद केले. फायरफॉक्समध्ये ती अजून चालते, पण २०१९ पासून ती आधी सेटिंगमधून चालू करावी लागते.

प्रत्येक बदल म्हणजे अन्याय, असेही नाही. बॅकस्पेस दाबले की मागचे पान उघडायचे. त्यात भरत आणलेले फॉर्म पुसले जायचे. २०१६ मध्ये क्रोमने ही सोय काढली, ती वाचकाच्या भल्यासाठीच. म्हणून दर वेळी विचारायचा प्रश्न एकच : हा बदल कोणाच्या सोयीचा?

हा प्रश्न आपल्याही घरातला आहे. उर्दू वृत्तपत्रे वेबवर आली तेव्हा नस्तालीकची पाने बरीच वर्षे चित्र म्हणून चढवली जात. चित्रात शब्द शोधता येत नाही, मजकूर उचलता येत नाही, अंधाला तो ऐकता येत नाही. मराठी वृत्तपत्रांचीही गत फार वेगळी नव्हती. ज्याचा त्याचा फॉन्ट, तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे. युनिकोडने ही कोंडी फोडली आणि वाचकाच्या हाती पुन्हा किल्ली आली.

ती वापरून पाहा. उर्दू मजकूर नस्ख वळणात दिसून डोळे शिणत असतील, तर नस्तालीक फॉन्ट संगणकावर बसवा. मग फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये अरबी लिपीसाठी तो निवडा. देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठेवता येतो. पानांना स्वतःचे फॉन्ट लादण्याची परवानगी काढून घेणारी खूणही तिथेच आहे. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. ही निवड लिपीची आहे, भाषेची नाही. त्यामुळे अरबी मजकूरही नस्तालीकमध्ये दिसू शकतो.

रोजच्या कामाला मोजक्या कळाही पुरतात. कंट्रोल आणि एल दाबले की पत्त्याची पट्टी हाती येते. कंट्रोल, शिफ्ट आणि टी चुकून बंद झालेला टॅब परत आणतात. कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह अक्षर मोठे करते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही शेवटची कळ आधी शिकवा. मोबाइल दूर धरून डोळे बारीक करणाऱ्यांना त्याच्या सेटिंगमधला अक्षराचा आकार वाढवून द्या.

वकीलपत्र दिले म्हणजे झाले, असे कोर्टात होत नाही. आपला माणूस कोणाच्या बाजूने बोलतोय, यावर लक्ष ठेवावे लागते. ब्राउझरची सेटिंग उघडून पाहणे म्हणजे आपल्या वकिलाला आपली बाजू समजावून सांगणे. आपण ती सांगितली नाही, तर सांगायला दुसरे कोणी ना कोणी तयार असतेच.