शंकासुर कुठून आला?

डोंबिवलीत सोसायटीच्या कुंपणाशी नाहीतर शाळेच्या फाटकाजवळ शंकासुराचे झुडूप सहज सापडते. तांबड्या-केशरी पाकळ्या, त्यांना पिवळी किनार आणि फुलाबाहेर लांब आलेले दहा पुंकेसर. वर्गात उकलून दाखवायला याच्याइतके सोयीचे फूल क्वचितच मिळेल. पाचातली एक पाकळी बाकीच्यांहून लहान असते. ती मुलांनाच शोधू द्यावी. लावणेही सोपे. बी टणक असते, म्हणून रात्रभर गरम पाण्यात भिजवून पावसाळ्याच्या तोंडावर पेरावे.

नाव असुराचे, तेव्हा झाड इथलेच, असे आपल्याला वाटते. पण त्याचे मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत आहे. तिथून ते फार लवकर आपल्याकडे आले. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्याच्या १६८६ सालच्या सहाव्या खंडात शंकासुराचे चित्र आहे. तोवर तो केरळात चांगलाच रुजला होता.

हा ग्रंथ छापला गेला अ‍ॅमस्टरडॅमला. त्याच शहरात १७०५ साली आणखी एक पुस्तक निघाले, आणि शंकासुराची दुसरी बाजू कळते ती त्यातून. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत गेली. अळीचे फुलपाखरू कसे होते हे तिला पाहायचे होते. (त्या काळी असल्या कामासाठी समुद्र ओलांडणारी बाई म्हणजे नवलच!) एका अळीबरोबर तिने शंकासुर रंगवला आणि खाली लिहिले की, मालकांच्या जाचाला कंटाळलेल्या गुलाम स्त्रिया याच्या बियांनी गर्भ पाडतात, आपली मुले गुलाम म्हणून जन्माला येऊ नयेत, एवढ्यासाठी. हे त्या बायकांनीच आपल्याला सांगितले, असेही ती नोंदवते.

म्हणजे युरोपला ही माहिती छापील मिळाली होती. तरी झाले काय? झुडूप शोभेसाठी जगभरच्या बागांत पोहोचले, बियांचा हा उपयोग मात्र युरोपच्या औषधकोशांत शिरला नाही. लोंडा शीबिंगर या इतिहासकार बाईंनी २००४ साली याच प्रश्नावर पुस्तक लिहिले. वसाहतींना हात हवे होते, मुले नको म्हणणाऱ्या बायकांचे ज्ञान नको होते, असे त्यांच्या मांडणीतून दिसते. आम्हाला ते पटते. कोणते ज्ञान जपायचे, हे ज्याच्या हाती जहाजे तोच ठरवत होता.

आठवीपुढच्या मुलांना इतिहासाच्या तासाला हे सांगता येईल. लहान वर्गात शेंग पुरे. वाळलेली शेंग उन्हात ठेवली की तडकते, सालपटे पिळवटतात आणि बिया उडतात. मुलांकडून त्या गोळा करून मोजून घ्याव्यात. चाखायला मात्र कोणालाही देऊ नयेत, त्या विषारी आहेत.