काचेंत वाढलेल्या पेशी

शरीरापासून तोडलेला मांसाचा कण मरतो, हा आपला नित्याचा अनुभव. तो बाहेर जिवंत ठेवून वाढवितां येईल काय? अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रॉस हॅरिसन यांनीं १९०७ सालीं बेडकाच्या गर्भांतील मज्जेचा तुकडा साकळलेल्या लसिकेच्या थेंबांत ठेवला, आणि त्यांतून तंतु फुटून वाढतांना सूक्ष्मदर्शकांतून प्रत्यक्ष पाहिले.

पुढें १९१२ सालीं न्यूयॉर्कला आलेक्सिस कारेल यांनीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा वाढविण्यास घेतला. या ‘अमर हृदया’चा मोठा बोलबाला झाला. कारेल १९४४ सालीं वारले तरी तें संवर्धन १९४६ पर्यंत चालू होतें! परंतु १९६१ सालीं हेफ्लिक व मूरहेड यांनीं दाखविलें कीं, निरोगी मानवी पेशी सुमारें पन्नास वेळां दुभंगून थांबतात. कारेल यांच्या पोषक अर्कांतूनच ताज्या पेशी आंत शिरत असाव्यात, असा पुढें तर्क निघाला. मोठ्या नांवापुढें शास्त्रज्ञहि किती वर्षें मान डोलावतात पाहा.

मानवी पेशींची अखंड वाढ साधली ती १९५१ सालीं, आणि तीहि बाल्टिमोरलाच. हेन्रिएटा लॅक्स ही पांच मुलांची कृष्णवर्णीय आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत आली. तिला न विचारतां तिच्या गाठीचा एक तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत देण्यांत आला. इतरांच्या पेशी तेथें थोड्याच दिवसांत मरत. हिच्या मात्र सुमारें चोवीस तासांत दुप्पट होत. ४ ऑक्टोबर १९५१ रोजीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ती वारली. तिच्या पेशी ‘हेला’ या नांवानें देशोदेशीं गेल्या. साल्क यांच्या पोलिओच्या लशीची परीक्षा करण्यासाठीं त्या टस्कीगी येथें, कृष्णवर्णीयांच्याच एका विद्यासंस्थेंत, मोठ्या प्रमाणांत वाढविल्या गेल्या.

घरच्यांना मात्र १९७० नंतरच्या वर्षांत हें सारें कळलें. तोंवर लोक तिचें नांव हेलन लेन असें समजत. व्हर्जिनियांत क्लोव्हर येथें तिचें थडगें नांवावांचून पडून होतें. त्यावर शिळा बसली ती २०१० सालीं. पुढें २०१३ सालीं तिच्या पेशींचा जनुकीय आराखडा घरच्यांना न विचारतां प्रसिद्ध झाला. तेव्हां मात्र त्यांनीं हरकत घेतली, आणि तो कोणास पाहूं द्यावा हें ठरविणाऱ्या अमेरिकन सरकारच्या समितीवर लॅक्स घराण्यांतील दोघांना जागा मिळाली.