गल्लीतला उतार

सांडपाण्याचा पाइप बाजारात विकत मिळतो. उतार विकत मिळत नाही, तो जमिनीवर जाऊन मोजावा लागतो. कराची शहराच्या वायव्येला असलेल्या ओरंगी या वस्तीत १९८० नंतर जे घडले त्याचे मर्म बरेचसे या साध्या गोष्टीत आहे.

ओरंगीची वसाहत १९६५ च्या सुमारास सुरू झाली. १९७१ च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमुळे ती झपाट्याने वाढली. बिहारी, पठाण, पंजाबी, बलुची, भारतातून गेलेले मुहाजिर असे सगळ्या मुलखांतले लोक इथे राहायला आले. दलालांनी सरकारी जमिनीचे तुकडे पाडून विकले. अशा वस्तीला तिकडे ‘कच्ची आबादी’ म्हणतात. घरे लोकांनी स्वतः, पै पै जमवून बांधली. पण मैल्याची सोय कोणी केली नव्हती. काही घरांत टोपलीचे संडास होते. चार-पाच दिवसांनी टोपली भरली की मैला गल्लीतच ओतला जाई. ज्यांना परवडे त्यांनी शोषखड्डे केले, पण काही वर्षांत तेही तुंबले. गल्ली म्हणजे या लोकांचे अंगण. मुले तिथेच खेळत आणि बायका तिथेच बसत. जुलाब, विषमज्वर, जंत यांना घरात शिरायला दुसरा रस्ता शोधावा लागत नव्हता.

एप्रिल १९८० मध्ये डॉ. अख्तर हमीद खान यांनी इथे ‘ओरंगी पायलट प्रोजेक्ट’ सुरू केला. हा माणूस आपल्या वाचकांना आवडावा असा आहे. १९१४ मध्ये आग्र्यात जन्म, मग आयसीएस. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सरकारी कारभार जवळून पाहिला आणि राजीनामा दिला. नंतर अलिगडजवळच्या खेड्यात मजुरी केली, कुलुपे बनवायला शिकले, मग दिल्लीच्या जामिया मिलियात शिक्षक झाले. पुढे पूर्व पाकिस्तानातल्या कोमिल्ला इथे त्यांनी शेतकऱ्यांच्या सहकाराचे मोठे काम उभे केले आणि त्यासाठी १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. ओरंगीत आले तेव्हा वय ६५. पहिले काही महिने त्यांनी काहीच ‘केले’ नाही. गल्ल्यांतून हिंडले आणि लोकांशी बोलत राहिले.

लोकांना काय नको आहे ते स्पष्ट होते. मैल्याची घाण नको होती. पण गटारे बांधणे हे सरकारचे काम, आणि ते फुकट झाले पाहिजे, अशी सर्वांची समजूत होती. महानगरपालिकेच्या दराने काम झाले असते तर त्याचा खर्च या लोकांना झेपला नसता, आणि फुकट करून द्यायला पालिकेकडे पैसा नव्हता. खानसाहेबांनी हे सरळ सांगितले. वाट पाहायची असेल तर पाहा, म्हणाले. नाहीतर आपण हिशेब करून पाहू.

हिशेब करताना लक्षात आले की पालिकेच्या आकड्यात ठेकेदाराचा नफा, वरची टक्केवारी आणि गरजेपेक्षा जड बांधकाम, असे सगळे मिसळलेले आहे. ते वगळले, खोदकाम गल्लीतल्या लोकांनी केले किंवा स्वतः मजूर लावून करून घेतले, आणि मॅनहोल ओतण्यासाठी लोखंडी साचे संस्थेने उसने दिले, की खर्च कितीतरी पटीने खाली येई. १९८० च्या दशकात घरातला संडास, गल्लीतला पाइप आणि पुढच्या मोठ्या पाइपातला वाटा धरून एका घराला सुमारे हजार रुपये पडत. गरीब कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हे, पण उभी करता येण्याजोगी होती. संस्थेने या पैशाला हातही लावला नाही. वीस-तीस घरांची एक गल्ली हा घटक ठरवला, कारण तेवढे लोक एकमेकांना ओळखतात. त्यांनी आपल्यातला एक ‘लेन मॅनेजर’ निवडायचा, पैसे त्याने गोळा करायचे, भांडणे त्यांनीच मिटवायची.

आता मूळ अडचणीकडे येऊ. संस्था येण्यापूर्वीही काही लोकांनी नाल्यापर्यंत पाइप टाकून पाहिले होते. म्हणजे इच्छा होती, पैसाही थोडाफार होता. मोजमाप नव्हते. आपण एक उदाहरण घेऊ. समजा गल्ली ३०० फूट लांब आहे, वरच्या टोकाला पाइप २ फूट खोल टाकला आणि १०० फुटांना १ फूट उतार दिला. गल्ली सपाट असेल तर खालच्या टोकाला पाइप ५ फूट खोल जाईल. नाल्याचा तळ गल्लीपेक्षा ४ फूटच खाली असला, तर पाइपाचे तोंड नाल्याच्या तळाच्याही खाली जाते आणि सगळी मेहनत मातीत. हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. आपल्याकडचे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतात. मुलांकडून शाळेच्या आवारात असा प्रयोग करून घेतला तर दिसायला सपाट मैदान किती फसवे असते ते कळते.

म्हणून संस्थेने वस्तीचे सर्वेक्षण करून नकाशे आणि पातळ्या तयार केल्या. गल्लीने अर्ज केला की तंत्रज्ञ येई, पातळ्या घेई, आराखडा आणि खर्चाचा अंदाज लिहून देई. बाकी काम लोकांचे. ओरंगीची जमीन टेकड्यांची आणि नाल्यांनी चिरलेली आहे, हे त्यांचे नशीब. पंपाशिवाय पाणी वाहू शकत होते. संडास आणि गल्लीतला पाइप यांच्यामध्ये एक छोटी ‘हौदी’ बांधत. जड गाळ तिथे खाली बसतो, पुढे पातळ पाणी जाते आणि त्यामुळे कमी उतारावरही पाइप सहसा तुंबत नाही.

चुका झाल्याच. सुरुवातीचे काँक्रीट कच्चे निघाले. सिमेंटचे प्रमाण चुके, आणि ओतल्यावर त्यावर पाणी मारत राहायला हवे हे लोकांना माहीत नव्हते. संस्थेने लोकांना दोष दिला नाही. काँक्रीट कसे मिसळायचे, किती दिवस ओले ठेवायचे हे गल्लीगल्लीत जाऊन दाखवले. आधी नाल्यालगतच्या गल्ल्यांनी काम केले, मग आतल्या गल्ल्यांना एकत्र येऊन मधला मोठा पाइप टाकावा लागला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ओरंगीतल्या हजारो गल्ल्यांपैकी बहुतेकांत पाइप गेले होते.

या कथेत एक दुखरी जागा आहे आणि ती लपवून उपयोग नाही. गल्लीतला मैला नाल्यात गेला, नाल्यातून समुद्राकडे गेला, आणि तो शुद्ध करून सोडणे लोकांच्या हातात नव्हते. घर, गल्ली आणि मधला पाइप लोकांनी करायचा. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र सरकारने, अशी वाटणी संस्थेने मांडली. लोकांनी आपला वाटा उचलला. सरकारचा वाटा कुठे थोडा, कुठे उशिरा आला. शुद्धीकरण न करता पाइप टाकणे चूक होते असे म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. मैला घराच्या दारातून हलणे ही पहिली पायरी होती, आणि ती कोणी दुसरा चढवणार नव्हता.

सरकारशी बोलायचे तर हातात नकाशा हवा. हे काम परवीन रहमान यांनी वाढवले. त्या वास्तुशास्त्र शिकलेल्या. १९८३ मध्ये संस्थेत आल्या. वस्त्यांतल्या तरुण मुलामुलींना मोजणी शिकवून त्यांनी कराचीचे नाले आणि गटारे कागदावर आणली. सरकारी नकाशात मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात लोकांनी टाकलेल्या पाइपांनी भरलेली निघे. अशाच माहितीच्या आधारे, कोरंगी भागातला परदेशी कर्जाचा मोठा सांडपाणी प्रकल्प अनावश्यक खर्चाचा आहे हे दाखवता आले आणि १९९९ मध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी खानसाहेब वारले. पुढे परवीनबाईंनी शहराच्या कडेच्या गावांच्या जमिनी आणि चोरून विकले जाणारे पाणी यांच्याही नोंदी केल्या. १३ मार्च २०१३ रोजी ऑफिसातून घरी जाताना त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले.

ऑगस्ट २०२० मध्ये कराचीत विक्रमी पाऊस झाला, नाले फुगले आणि शहर पाण्यात गेले. त्यानंतर २०२१ मध्ये गुज्जर आणि ओरंगी या नाल्यांच्या काठची हजारो घरे नाला रुंद करण्यासाठी पाडण्यात आली.