कर्ण्यापासून कंट्रोलरपर्यंत

एका हंगामात कापसाचे चुकारे हाती पडल्यावर अकोल्याकडचा एक शेतकरी बारावी झालेल्या मुलाला घेऊन अमरावतीला आमच्याकडे आला. मुलाला डीजेचा व्यवसाय करायचा होता. जुजबी सामान त्याने जमवले होते. आता दुकानदाराने दिलेली नवी यादी त्याच्या खिशात होती : ५०० वॅटच्या जागी १००० वॅटचा ॲम्प्लिफायर, बेसचे आणखी दोन खोके आणि लॅपटॉपसाठी सॉफ्टवेअरची महागडी आवृत्ती. वडिलांचा प्रश्न सरळ होता : "साहेब, यातलं पयले काय घ्या लागते?"

या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला ध्वनियंत्रांच्या इतिहासाचा फार उपयोग झाला. या इतिहासात टिकलेले प्रत्येक यंत्र कोणती तरी नेमकी अडचण दूर करण्यासाठी आलेले दिसते. ती अडचण आपली आहे की नाही, एवढे पाहिले की यादी आपोआप लहान होते.

यंत्राआधीचा आवाज

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा आणि यावलीचे तुकडोजी महाराज यांची कीर्तने व भजने ऐकायला मोठे समुदाय जमत. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणजे एक मीटरवर ८० डेसिबल असलेला चढा आवाज ६४ मीटरवर ४४ डेसिबलच उरतो आणि जमावाच्या कुजबुजीत बुडून जातो. गाडगेबाबा श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि समोरचे लोक एकमुखाने उत्तर देत. मागच्यांना प्रश्न ऐकू आला नाही, तरी उत्तर नक्कीच पोचत असणार! समोरचे श्रोतेच तेथे ध्वनिवर्धक होत होते.

कर्णा आणि भोंगा

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीची कल्पना मांडली. कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, कुसुम अशा झाडांवरील किड्यांपासून ही लाख मिळते. या यंत्रांत वीज नव्हतीच. सुईच्या कंपनाने एक पातळ पडदा हले आणि त्याचा क्षीण आवाज कर्णा मोठा करी.

कर्णा ऊर्जा निर्माण करीत नाही. लहानसा पडदा हवेला नीट ढकलू शकत नाही. हळूहळू रुंदावणाऱ्या नळीमुळे त्याची हवेवर पकड बसते आणि आवाज एका दिशेला एकवटतो. पुढे ली डी फॉरेस्टच्या १९०६ च्या निर्वात नळीमुळे विद्युत्संदेश वाढवता येऊ लागला. राईस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाला आजचे रूप दिले.

आमच्या लहानपणी लग्नाच्या मांडवाशेजारच्या कडुलिंबावर भोंगा बांधलेला असे. खाली लहानसा ॲम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डर. तरीही गाणी शेजारच्या गावात ऐकू जात, कारण भोंगा दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग ध्वनीत बदलतो, आणि तोही ज्या स्वरांना आपला कान जास्त तरल आहे त्या स्वरांत. खर्ज मात्र त्याला जमत नाही. खर्जासाठी खोक्यातले मोठे पडदे आले. त्यांची कार्यक्षमता अनेकदा एक-दोन टक्केच असते. बाकीच्या विजेची उष्णता होते. वॅटची शर्यत येथून सुरू झाली.

आता यादीतील पहिली बाब पाहू. वॅट दुप्पट केले की पातळी वाढते फक्त ३ डेसिबल. हा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेव्हा ५०० चे १००० करण्यात पैसे बरेच जातात, हाती थोडे लागते. एक वॅटला एक मीटरवर ९० ऐवजी ९३ डेसिबल देणारा स्पीकर तेच काम जुन्याच ॲम्प्लिफायरवर करतो. खोक्याच्या मागे छापलेला हा आकडा मात्र फारसे कोणी वाचत नाही.

दोन तबकड्यांची कला

डीजेची कला मोठ्या आवाजातून जन्मली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ कूल हर्क याने बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवल्या. नाचणाऱ्यांना गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा अधिक आवडतो, हे त्याने हेरले होते. पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने वाजवून तो हा तुकडा लांबवू लागला.

यासाठी तबकडी क्षणार्धात वेग घेणारी हवी. रबरी पट्ट्यावर फिरणारी तबकडी रेंगाळत असे. टेक्निक्स कंपनीच्या १९७२ मधील एसएल-१२०० यंत्रात मोटर थेट तबकडीखाली होती. १९७९ च्या आवृत्तीत वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी आली. त्यानंतर २०१० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत, तीस वर्षे, यंत्राचा गाभा बदलला नाही. (२०१६ मध्ये ते पुन्हा निघू लागले.) या काळात नामवंत डीजे घडले ते यंत्र बदलून नव्हे, तेच यंत्र घोटून.

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये आली. तिच्यावरही तबकडीसारखा हात फिरवू देणारे पायोनिअरचे सीडीजे-१००० हे यंत्र २००१ चे. पाठोपाठ संगणकही या कामात आला. सॉफ्टवेअरने तबकड्यांच्या पेट्यांचे ओझे उतरवले आणि दोन गाण्यांचे ताल जुळवणारे बटण दिले. कोणत्या गाण्यानंतर कोणते, हे मात्र कानालाच ठरवावे लागते. कंट्रोलरबरोबर बहुधा सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती मिळते. तिच्यात नेमके काय अडते, हे एका वाक्यात सांगता येईल तेव्हाच महागडी घ्यावी.

विकत न मिळणारी गोष्ट

मुलाची गाणी आम्ही ऐकली. बरीचशी चित्रफितींवरून उतरवलेली, अतिसंकुचित होती. संकुचन करताना फेकून दिलेली माहिती कोणताही ॲम्प्लिफायर परत आणू शकत नाही. साखळीची पहिली कडीच कच्ची होती.

दुसरी कडी म्हणजे त्याचा कान. अमेरिकेतील एनआयओएसएच संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम करावे आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. वरात त्याहून लांब चालते. आतील कानातल्या मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि डीजेचे भांडवल तर कानच. आपल्याकडील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणांच्या काही ठरावीक दिवशी राज्य शासन यात सवलत देऊ शकते.

आम्ही यादी अशी बदलली : आधी कानबोळे आणि बाहेरचा आवाज अडवणारा चांगला हेडफोन; मग नीट मुद्रित केलेली, विकत घेतलेली गाणी; मग दोन मार्गांचा साधा कंट्रोलर. चांगल्या वायरी आणि अर्थिंग यांत काटकसर नको. मोठे खोके लग्नसराईत बिछायत केंद्राकडून भाड्याने घ्यावेत. सहा महिने भाड्याचे वापरल्यावर कोणता स्पीकर घ्यायचा, हे त्याचे त्यालाच कळेल.

मुलाचा चेहरा उतरला. खोके दिसतात, कानबोळे दिसत नाहीत. वडिलांनी मात्र दोन्ही याद्यांची बेरीज केली, उरलेल्या पैशांत बियाण्याचा खर्च निघतो हे पाहिले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.