कर्ण्यापुढची जागा

शाळेच्या ग्रुप फोटोच्या दिवशी आम्हां मास्तर मंडळींपुढे दरवर्षी एकच पेच असतो : पुढच्या रांगेत कोणाला बसवायचे? उंच पोरे मागे जातात, ठेंगणी पुढे येतात. वीस वर्षांनी तो फोटो पाहणारा मात्र पुढच्या रांगेवरूनच वर्गाची पारख करतो. वर्गातला खरा गुणी मुलगा कोपऱ्यात अर्ध्या चेहऱ्यानिशी उभा असतो, त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. अमेरिकेतल्या जॅझ आणि रॉक अँड रोल या संगीताच्या पहिल्या तबकड्यांची हकीकत वाचताना मला या फोटोची वारंवार आठवण झाली.

मायक्रोफोन येण्यापूर्वी वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून वाजवीत. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड तबकडी. आवाजाने पडदा थरथरे आणि सुई मेणात रेघ कोरीत जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात जे कोरले गेले ते राहिले. बाकीचे हवेत विरले.

जॅझ हे न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कृष्णवर्णीयांचे लेणे. गुलामगिरीत पिचलेल्या पूर्वजांची शेतावरची गाणी, चर्चमधली भजने आणि मिरवणुकांतले बँड यांच्या मिलाफातून ते उमलले. पण जॅझ म्हणून बाजारात आलेली पहिली तबकडी होती पाच गोऱ्या वादकांची! २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’चे वादन मुद्रित केले. त्यातल्या ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’मध्ये क्लॅरिनेटमधून कोंबडा आरवतो, कॉर्नेटमधून घोडा खिंकाळतो आणि ट्रॉम्बोनमधून गाय हंबरते. तबकडी हातोहात खपली. पुढे या बँडचा म्होरक्या निक लारोका, जॅझ ही गोऱ्यांचीच निर्मिती, असे सांगत सुटला!

असे सांगतात की, फ्रेडी केपार्ड या कृष्णवर्णीय कॉर्नेटवादकाकडे ही संधी आधी चालून आली होती. आपल्या खुब्या इतर लोक चोरतील या धास्तीने त्याने ती नाकारली. आपल्याकडचे जुने उस्ताद ग्रामोफोनला का बिचकत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना केपार्डचे हसू येणार नाही. पुढे त्यानेही तबकड्या दिल्या; पण पहिलेपणाचा मान गेला तो गेलाच.

दार किलकिले झाले ते १९२० साली. मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचे ‘क्रेझी ब्लूज’ अफाट खपले आणि या समाजातही तबकड्या विकत घेणारे गिऱ्हाईक आहे, हे कंपन्यांना उमगले. जे न्यायबुद्धीला सुचले नाही ते गल्ल्याने शिकवले!

मग आला एप्रिल १९२३. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी पियानोच्या एका कारखान्यात गेनेट कंपनीचा स्टुडिओ होता. शेजारून आगगाडी जाऊ लागली की मुद्रण थांबवावे लागे. याच कारखान्यात वर्णद्वेष्टी कु क्लक्स क्लॅन संघटना पैसे मोजून आपल्या प्रचाराच्या तबकड्या काढून घेई. तेथे किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड आला. त्यात दुसरे कॉर्नेट वाजवणारा एकवीस वर्षांचा तरुण होता लुई आर्मस्ट्राँग. त्याचा स्वर एवढा दणकट, की तो इतरांना झाकून टाकी. म्हणून त्याला कर्ण्यापासून दूर, पार मागे उभे केले, असे बँडमधली पियानोवादक लिल हार्डिन पुढे सांगत असे. पण ‘चाइम्स ब्लूज’मध्ये त्याचे एकट्याचे वादन आले, आणि मागे उभा केलेला तो स्वर मेणावर उमटला. पाच वर्षांनी, २८ जून १९२८ रोजी, तोच आर्मस्ट्राँग मायक्रोफोनपुढे सर्वांच्या अग्रभागी उभा होता. ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या आरंभी त्याचा ट्रम्पेट साथीवाचून एकटाच चढत जातो. ती काही सेकंदे ऐकताना अंगावर काटा येतो.

रॉक अँड रोलचीही तीच कथा. १९५१ साली मेम्फिस शहरात सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ मुद्रित झाले. गिटारचा अॅम्प्लिफायर वाटेत बिघडला होता. आत कागद कोंबून वेळ मारून नेली, आणि त्या घरघरीचीच पुढे फॅशन झाली. बँड आयक टर्नरचा, पण तबकडीवर नाव छापले ते गायक जॅकी ब्रेन्स्टनचे. ५ जुलै १९५४ रोजी त्याच स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या गोऱ्या पोराने विश्रांतीच्या वेळी गंमत म्हणून ‘दॅट्स ऑल राइट’ म्हटले आणि त्याचे नशीब उघडले. ते गाणे मूळ आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे. त्याने ते १९४६ सालीच मुद्रित केले होते. क्रूडपच्या पदरी मात्र मोलमजुरीच आली. हक्काच्या पैशांसाठी झगडतच १९७४ साली तो वारला.

एल्व्हिसचा दोष काय? तो त्या गाण्यावर मनापासून प्रेम करीत होता. दोष फोटो काढणाऱ्यांचा. पुढे कोण आणि मागे कोण, हे ठरवणाऱ्यांचा.

या हकीकतीचा शेवट मात्र आकाशात आहे. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. तीत आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आहे, चक बेरीचे रॉक अँड रोल आहे, आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे! गोव्यातल्या केरी गावच्या या मानी गायिकेने त्याच वर्षी सप्टेंबरात देह ठेवला. तिचा स्वर आणि कर्ण्यापासून दूर उभा केलेल्या त्या पोराचा स्वर आज सूर्यमालेपलीकडे एकाच तबकडीतून चालले आहेत. त्या तबकडीत पुढची रांग नाही आणि मागचीही नाही.

यंदा ग्रुप फोटोच्या दिवशी मी कोपऱ्यातल्या मुलाला नावानिशी हाक मारून पुढे बोलावणार आहे.