तळटीप : वेदीपाशी आठवण

१२. ‘वेदीपाशी आठवण’ : संदर्भ संत ऑगस्टीनची आई मोनिका हिचा. आफ्रिकेला परतताना इ.स. ३८७मध्ये रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात ती वारली. नवऱ्याशेजारी पुरले जावे म्हणून तिने गावी जागा राखून ठेवली होती. अखेरीस मात्र देह कुठेही ठेवा, प्रभूच्या वेदीपाशी आठवण करा, एवढेच मुलांकडे मागितले. लेखकाने इथेच थांबायला नको होते. मृतांविषयीच्या, उतारवयात लिहिलेल्या पुस्तिकेत ऑगस्टीन म्हणतो, की मेलेल्यांना येता येत असते, तर आईने एकही रात्र चुकवली नसती! स्वप्नात दिसणाऱ्या मृतांबद्दल तो सावधच आहे. वेदीपाशी केलेली प्रार्थना मात्र त्यांच्या उपयोगी पडते, सरसकट सगळ्यांच्या नसली तरी, हे तो मान्य करतो. — संपा.